दत्तजयंतीनंतरचं कार्ड

मामंजींनी कार्ड उभ्या उभ्याच वाचलं, बंडीच्या खिशात घातलं आणि पोस्टमनला हळूच म्हणाले, "घरात कुणापाशी बोलू नका."

मी आतल्या खोलीत बाजेवर होते. एकवीस दिवसांची मुलगी मांडीवर. दार अर्धवट लोटलेलं होतं, तरी मला सगळं दिसलं. पोस्टमन सायकल हातात धरूनच मान खाली घालून निघून गेला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तुळशीपाशी तसेच उभे राहिले. त्यांचा एक हात खिशावर होता.

"मामंजी," मी हाक मारली, "कार्ड कुणाचं आलंय?"

लग्नाला चार वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत मी त्यांना अशी मोठ्यानं हाक कधी मारली नव्हती. ते दचकले.

"कुणाचं न्हाई. पड तू."

"त्यांचं हाय."

चुलीपुढून आत्याबाई, माझ्या सासूबाई, बाहेर आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मामंजींच्या हाताकडे, आणि मटकन खाली बसल्या.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. साल एकाहत्तर. माझे मालक फौजेत शिपाई, पश्चिमेच्या सरहद्दीवर. आमच्या माण तालुक्यात घरटी एक माणूस फौजेत असायचा. मामंजी स्वतः मोठ्या लढाईत आफ्रिकेपर्यंत जाऊन आलेले. दत्तजयंतीला मला मुलगी झाली. मी चौथी शिकलेली. दुसऱ्याच दिवशी पडल्या पडल्या मालकांना कार्ड लिहिलं आणि मामंजींनी ते टपालात टाकलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी लढाई सुरू झाल्याचं रेडिओवर सांगितलं. मग मुलीच्या बारशाच्या दिवशी सकाळी तार आली. शाळेच्या गुरुजींनी इंग्रजी वाचून सांगितलं, शिपाई धोंडीराम माने पाच डिसेंबरला लढाईत कामी आले.

बारशाला बोलावलेल्या बायांनीच माझ्या बांगड्या फोडल्या. मुलीच्या नावाचं मग कुणी काढलंच नाही. "पांढऱ्या पायाची निघाली," असं एक चुलत सासू माझ्या बाजेशेजारी बसूनच म्हणाली. आत्याबाई तसं बोलल्या नाहीत; पण त्या दिवसापासून त्यांनी मुलीला हातात घेतलं नव्हतं.

आणि तार आल्यापासून दहाव्या दिवशी हे कार्ड.

मी मुलीला बाजेवर ठेवलं, भिंतीला धरून उठले आणि सोप्यात आले.

"आणा ते इकडं."

"पोरी, ऐक," मामंजी म्हणाले. "मोठ्या लढाईत गेलेल्या माणसांची कार्डं मी माझ्या हातानं टपालात टाकल्यात. माणूस सकाळी लिवतंय, दुपारी जातंय, आन् कार्ड म्हैन्यानं घरी पोचतंय. त्याला काय अर्थ नसतो. वाचून उगं जिवाला घोर."

"माझ्या जिवाचं मी बघीन. माझ्या माणसाचं कार्ड हाय. आणा."

त्यांनी कार्ड दिलं. मी तिथंच उंबऱ्यावर बसून वाचलं.

"तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे, काळजी नसावी. घरचे कार्ड आज मिळाले. दत्तजयंतीला मुलगी झाली हे वाचून आनंद झाला. मुलगी म्हणून कोणी मन लहान करू नये. नाव सीमा ठेवावे. बाळंतिणीस थंडी बाधू देऊ नये. वेळ नाही म्हणून थोडेच लिहितो. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. आपला, धोंडीराम."

वर तारीख नव्हती. टपालाचा शिक्का फिसकटून नुसता काळा डाग झाला होता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांतल्या पाण्यानं अर्धं दिसलंच नाही. दुसऱ्यांदा अक्षर पारखून बघितलं. त्यांचंच होतं, 'र'ला लांब शेपूट ओढलेलं. तिसऱ्यांदा वाचताना 'आज मिळाले' या शब्दांवर माझं बोट थांबलं.

"मामंजी, आपलं कार्ड तुम्ही कवा टाकलं?"

"दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी. दोन तारखेला. का?"

"सरहद्दीवर जायाला किती दिस लागत्यात?"

"शांतता असली तर आठ. लढाईत धा म्हण, बारा म्हण."

"तीन दिवसांत जाईल?"

"तीन दिवसांत ते मुंबईच्या फुडं—" म्हणता म्हणता मामंजी थांबले.

"मग पाच तारखेला गेलेल्या माणसाला मुलगी झाल्याचं कळलं कसं?"

मामंजींनी माझ्या हातातून कार्ड घेतलं. पुन्हा वाचलं. त्यांचे ओठ हलत होते, दिवस मोजत होते.

आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "नगं गं शालन. एकदा रडून झालंय माझं. त्याला जिता करून परत मारू नकोस. दुसऱ्यांदा मला सोसायचं न्हाई."

"मी न्हाई मारत, आत्याबाई. मी इचारून येते."

मामंजी आत गेले आणि लोखंडी पेटीतून तार काढून आले. "उद्या पहिल्या गाडीनं सातारला जातो. तिथं सैनिकांचं हापिस हाय."

"मी बी येणार."

"वली बाळंतीण तू. एवढ्या थंडीत?"

"मामंजी, तुमी साहेब दिसला की सावधान उभं ऱ्हाता. त्यानं जा म्हटलं की सलाम ठोकून माघारी याल. मला सावधान येत न्हाई."

त्या दहा दिवसांत मामंजींच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. हसू नव्हतं ते, पण त्याच्या जवळचं काहीतरी होतं.

पहाटे निघताना आत्याबाईंनी मुलीला माझ्याकडून घेतलं. तिच्या डोक्याला फडकं गुंडाळलं, अंगाला दोन लुगड्यांच्या घड्या लपेटल्या, आणि परत माझ्या हातात दिलं.

साताऱ्याच्या त्या ऑफिसात एक कारकून होता. त्यानं कार्ड उलटसुलट बघितलं. "अशी कार्डं येतात, बाई. नंतर येतात. टपाल अडकलेलं असतं."

"साहेबांना दाखवा."

"साहेब कामात आहेत."

"असू द्या. मी बसते." मी समोरच्या बाकावर बसले आणि मुलीला पदराखाली घेतलं. मामंजी शेजारी उभेच. अर्ध्या तासानं साहेब स्वतःच बाहेर आले. फौजेतून निवृत्त झालेले कॅप्टन, जाड चष्मा. त्यांनी आम्हाला आत नेलं, कार्ड वाचलं, मी दिवसांचा हिशेब सांगितला तो मान हलवत ऐकला. मग तार समोर धरली.

"तुमच्या मालकांचा नंबर माहीत आहे?"

चार वर्षं प्रत्येक कार्डावर तो मीच लिहीत आले होते. मी घडाघडा म्हणून दाखवला. साहेबांचं बोट तारेवरून सरकत होतं. ते थांबलं.

"शेवटचे दोन आकडे पुन्हा सांगा."

"तीन, एक."

"इथं एक, तीन आहे."

"मग ती तार माझी न्हाई."

"असं लगेच म्हणता येत नाही," साहेब सावकाश म्हणाले. "टाइप करताना आकडा मागंपुढं होऊ शकतो. मी लिहून विचारतो. पंधरा दिवसांत उत्तर येईल."

"पंधरा दिस? साहेब, टेबलावर फोन हाय की."

मामंजी खाकरले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि रिसीव्हर उचलून फौजेच्या मोठ्या कचेरीला ट्रंक कॉल लावायला सांगितला.

फोन लागायला दीड तास गेला. लागला तेव्हा साहेब हिंदीत ओरडून ओरडून नंबर सांगत होते, एकदा तीन-एक, एकदा एक-तीन. मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. कागदावर काहीतरी लिहिलं. रिसीव्हर ठेवला आणि उठून उभे राहिले.

"तुमचे मालक हयात आहेत. एका पलटणीत एकाच नावाचे दोघं. तारेवर नंबर त्या दुसऱ्याचा पडला आणि पत्ता तुमचा."

मामंजींनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांची पाठ हलत होती. मला वाटलं होतं हे ऐकल्यावर मी ओरडेन, निदान रडेन तरी. तसं काही झालं नाही. मुलीचं फडकं सुटलं होतं ते मी पुन्हा गुंडाळलं, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "मग ती तार कुणाची?"

साहेबांनी कपाटातून एक जाड वही काढली. पानं उलटली. "याच जिल्ह्यातला आहे. गाव पिंपळदरा. पत्नी हौसाबाई."

"तिला कळवलंय?"

"कसं कळवणार? सगळ्यांच्या लेखी तार पोचलेली होती. आता आज करीन."

"आज नका करू. मी जाऊन सांगते."

"बाई, हे तुमचं काम नाही."

"धा दिस ती तार माझ्या घरात हुती, साहेब. आता मीच पोचवते."

साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "उद्या सकाळी दहाला तार जाईल. त्याच्या आधी जाणार नाही, एवढं मी बघतो."

मामंजी मला घेऊन एस.टी. स्टँडवर आले. तिथं एका दुकानासमोर थांबले. कुंकवाची पुडी आणि डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या आणि माझ्यापुढे धरल्या. सासऱ्यानं सुनेला असं काही द्यायची रीत नसते.

"लाव, पोरी."

"आज नगं, मामंजी. तिच्याकडं जायचंय."

"शालन, सरकारचं काम सरकार करंल. ती माउली आपल्याला काय म्हणंल? आपलं जितं, तिचं गेलं, हे सांगाया आपण जायचं?"

"तार आली तवा काय झालं, आठवा," मी म्हणाले. "गुरुजी इंग्रजी वाचत हुते. बाप्ये आपसात कुजबुजत हुते. समद्या गावाला कळलं, आन् मला कवा कळलं? माझ्या मनगटावर बायांचा हात पडला तवा. तिचं तसं हुऊ द्यायचं न्हाई मला."

मामंजींनी पुडी आणि बांगड्या पिशवीत ठेवल्या. "पिंपळदऱ्याची गाडी साडेबाराची हाय," एवढंच म्हणाले.

गाडीनं फाट्यावर सोडलं. तिथून दोन मैल चालत गेलो. अंग दुखत होतं, पाय भरून आले होते. पण थांबले असते तर पुन्हा उठले नसते, म्हणून थांबले नाही. वेशीत मामंजींनी चौकशी केली. हौसाबाईचा दीर रानात होता. "त्याला मी सांगतो," मामंजी म्हणाले. "तू तिच्यापाशी जा."

हौसाबाई अंगणात गोधडी शिवत बसली होती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. रंगानं उजळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. माझ्याकडे बघितलं, माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं, आणि सुई तशीच गोधडीत खोचून उठली.

"कुठनं आलीस गं बाई? ये. सावलीला बस."

पाणी आणलं. गुळाचा खडा आणला. मी पाणी प्यायले. वाटभर जुळवून ठेवलेलं सगळं विसरले.

"लेकरू दे माझ्याकडं," तिनं मुलीला घेतलं. "किती दिसाचं?"

"तीन आठवड्यांचं."

"आन् तुझं मालक?" तिनं आवाज खाली आणला. "लढाईत व्हय?"

मी मान खाली घातली. तिला त्यातच उत्तर मिळालं. पदरानं डोळे टिपत ती मुलीला थोपटू लागली. "काय बोलावं गं बाई. आमचं बी तिकडंच हैत. म्हैना झाला, कार्ड न्हाई. पर लढाई थांबली म्हणत्यात, येतील आता." मग माझ्या मनगटाला हात लावून म्हणाली, "तू हितंच ऱ्हा आजच्या दिवस. कुणाकडं चाललीस? नाव काय तुझ्या मालकांचं?"

नवऱ्याचं नाव आम्ही कधी तोंडानं घेत नसू. मी वर बघितलं आणि म्हणाले, "धोंडीराम माने."

तिला हसूच आलं. "अगं बया! आमच्या ह्यांचं बी त्येच की गं नाव—"

मुलीला थोपटणारा हात थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली. हसू ओठांवर होतं तसंच होतं, नुसतं त्याच्यातलं सगळं निघून गेलं होतं.

"तू माझ्याकडं कशाला आलीस?"

"हौसाबाई, तार माझ्या घरी आली. धा दिस झालं. नाव एकच म्हणून माझ्याकडं आली. काल माझ्या माणसाचं कार्ड आलं. आज साताऱ्यात साहेबांनी फोन करून इचारलं." मी तिचा हात धरला. "ती तार तुमची हाय."

"लेकरू घे आधी," ती म्हणाली. मुलीला दोन्ही हातांनी सांभाळून माझ्या मांडीवर ठेवलं. मग विचारलं, "तुझं हैत?"

"हैत."

"मग कपाळ मोकळं ठेवून मला फसवाया आलीस व्हय गं?" ती एकदम ओरडली. "मी तुला गूळ दिला! तुझ्यासाठी रडले मी! ऊठ. ऊठ हितनं!"

तिनं खांद्याला धरून मला ढकललं. मी तुळशीच्या कट्ट्याला धरून बसून राहिले.

"मी न्हाई जाणार."

"जा म्हणते न्हवं!"

"मारा मला. पर मी जाणार न्हाई. तुमच्याकडं भरल्या कपाळानं यायचं माझ्यानं झालं न्हाई. फसवायचं मनात नव्हतं."

तिनं खरंच मारलं. माझ्या पाठीत, खांद्यावर, मुठी आवळून. मी मुलीवर वाकून बसले. मुलगी दचकून रडायला लागली. त्या रडण्यासरशी हौसाबाईचे हात थांबले. ती माझ्या शेजारी कोसळली, तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या बाया धावत आल्या.

मी तिथं चार दिवस राहिले. मामंजी आत्याबाईंना सांगायला म्हणून त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली, तेव्हा हौसाबाई दारात उभी होती. तारवाल्याला म्हणाली, "मला ठावं हाय. द्या." बाया बांगड्या फोडायला पुढं झाल्या, तर तिनं हात मागं घेतले. "माझ्या मी काढते," म्हणाली, आणि एकेक बांगडी न फोडता उतरवून ठेवली. कुणी काही बोलायला लागलं की मी मध्ये पडायची. बाळंतीण असल्यामुळं मला कुणी जास्त बोलत नसे. चौथ्या दिवशी तिची आई आली. मग मी निघाले. निघताना ती एवढंच म्हणाली, "तुझं मालक आलं की धाड त्यांना माझ्याकडं. शेवटी तेच हुते ना तिथं."

चैत्रात मालकांना रजा मिळाली. बारसं झालं, सीमाला पाळण्यात घातलं. आत्याबाई तिला खाली ठेवायला तयार होईनात. दुसऱ्याच दिवशी मी मालकांना पिंपळदऱ्याला घेऊन गेले, मुलीसकट.

पलटणीत त्यांना लांबडा माने आणि हौसाबाईच्या नवऱ्याला बुटका माने म्हणायचे. एकाचं टपाल दुसऱ्याला नेहमी जायचं. मग दोघं कार्डं बदलून घ्यायचे आणि हसायचे. पाच तारखेला दोघं एकाच खंदकात होते.

हौसाबाईनं आम्हाला सोप्यात बसवलं. तिनं कुठं लागलं विचारलं नाही, किती वेळ लागला विचारलं नाही. मालकांनी सांगायचं ठरवून ठेवलेलं होतं, ते सगळं तसंच राहिलं. चहा झाला. दीर उठून गुरांकडं गेला. मग तिनं विचारलं, "भावजी, त्या दिवशी जेवलं हुतं का?"

मालकांनी रिकामी कपबशी खाली ठेवली.

"व्हय. सकाळी दोघांनी एका ताटात खाल्लं. पुरी आन् बटाट्याची भाजी."

हौसाबाईनं मान हलवली. "बटाटा लई आवडायचा त्यांना," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "पोटभर?"

"पोटभर. माझ्या वाटणीची पुरी बी त्यानंच खाल्ली."

ती हसली. डिसेंबरातल्या त्या दुपारनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते.

परतताना मालक पुढं चालत होते, सीमा त्यांच्या खांद्यावर. ओढा आला तशी ते पाय धुवायला थांबले.

"चार तारखेपासनं आमच्यापर्यंत जेवणाची गाडी पोचलीच नव्हती," ते म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यावरून मुलीला घेतलं.

"चला," मी म्हणाले, "गाडी चुकंल."